आगाशे सरांचा कडू कागद

आगाशे सरांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जीभ मागितली.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत राहायला आलो तो दिवस. खाली टेम्पो उभा, जिन्यात कपाट अडकलेलं, नवरा हमालांवर ओरडतोय आणि हमाल कपाटावर. मी तुळशीची कुंडी कडेवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचले, तेवढ्यात समोरच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढऱ्या भुवया. हातात चिमटा आणि चिमट्यात कागदाची बोटभर पट्टी.

"जीभ बाहेर काढा," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"घाबरू नका. नुसता कागद आहे. ठेवा आणि काय वाटतं ते सांगा."

मी अमरावतीची. आमच्याकडे पाहुण्याने काही पुढे केलं तर नाही म्हणायची पद्धत नाही. इथे पाहुणी मी होते, पण तेवढा विचार करायला वेळ कुठे होता? ठेवला कागद जिभेवर. आणि माझ्या तोंडून अस्सल वऱ्हाडी ओरड निघाली, "बाप्पा! कडूजहर!" कुंडी हातात नसती तर मी तिथल्या तिथे थुंकले असते.

माझा चेहरा वाकडा झाला आणि त्यांचा उजळला. घरात तोंड करून ते ओरडले, "शालू, वऱ्हाडालाही लागतं गं!"

आतून बाईंचा आवाज आला, "त्यांना आधी पाणी द्या. मग संशोधन करा."

तर हे आमचे आगाशे सर. कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. म्हणजे कॉलेजने त्यांना निवृत्त केलं, त्यांनी शास्त्राला केलं नाही. त्या कागदाला एक रसायन लावलेलं असतं. काही लोकांना ते भयंकर कडू लागतं, काहींना काहीच लागत नाही, नुसता कागद चघळल्यासारखं वाटतं. कुणाला लागणार आणि कुणाला नाही हे आईबापांकडूनच येतं. सरांना आमच्या वस्तीत कडूवाले किती आणि बिनकडूवाले किती, हे बघायचा नाद. गॅसवाला, कुरियरवाला, नळदुरुस्तीवाला, कुणी सुटत नसे. आमच्या गल्लीत कुरियरवाले पार्सल खाली वॉचमनकडे ठेवून पळायचे, त्याचं कारण लिफ्ट बंद असणं हे नव्हतं.

एकदा निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत जोडत वर आले. मागे दहाबारा कार्यकर्ते. सर म्हणाले, "मत देऊ की. आधी जीभ." आता सगळ्यांसमोर जीभ काढायची म्हणजे पंचाईत, आणि नाही काढायची म्हणजे मत गेलं. काढली बिचाऱ्यांनी. डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाकपुड्या थरथरल्या, पण माणूस कसलेला.

"कसं लागलं?" सरांनी विचारलं.

"गोड आहे सर, गोड आहे. आपला आशीर्वाद!"

सरांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी अख्ख्या इमारतीला सांगून आले, "त्यांना मत देऊ नका. निरीक्षण खोटं सांगतात."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. निरीक्षण खोटं सांगायचं नाही. माझ्या नवऱ्याने एकदा गंमत म्हणून "थोडं आंबट आहे" असं सांगितलं, तर सर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. बाकी माणूस कसाही असो, चालेल. पार्किंगमध्ये आडवी गाडी लावा, रात्री गाणी लावा, सर चकार शब्द काढणार नाहीत. जिभेवरचं मात्र खरं सांगा.

"सर, तुम्हाला लागतो का हो कडू?" मी एकदा विचारलं.

"प्रयोग करणाऱ्याने स्वतःवर प्रयोग करू नये. पक्षपात होतो," एवढं बोलून त्यांनी माझ्या कानाकडे बघायला सुरुवात केली. माणसाशी बोलताना सर डोळ्यांत बघत नाहीत, कानाच्या पाळीकडे बघतात. पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, हा त्यांचा जोडधंदा. आमच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना ते नावाने कधीच ओळखायचे नाहीत. "ते चिकटपाळीवाले" म्हणायचे. कुलकर्णी बिचारे स्वभावाने चिकट, त्यामुळे त्यांना ही टीका वाटायची आणि ते आणखी चिकटपणा करायचे.

पण सरांची खरी कमाल पाहायची तर सोसायटीच्या वार्षिक सभेत. मी सेक्रेटरी, म्हणजे टाकीत पाणी नसलं की शिव्या खाणारी. त्या वर्षी विषय गरम होता: हिंजवडीला नोकरी करणाऱ्या बिनलग्नाच्या मुलामुलींना फ्लॅट भाड्याने द्यायचे की नाही. निम्मी सोसायटी द्या म्हणत होती, कारण निम्म्या सोसायटीचे फ्लॅट रिकामे होते. उरलेले नको म्हणत होते. आवाज चढले, आणि तेवढ्यात सर लोणच्याची बरणी घेऊन उठले.

बरणीत लोणचं नव्हतं. चवळी होती. लाल आणि पांढरी, मिसळलेली.

"डोळे मिटून दोन काढा," सर म्हणाले. "एक आईकडून, एक बापाकडून. लाल चवळी दादा असते. दोनांत एक जरी लाल आली तरी लालच दिसणार. पांढरी बिचारी तिच्या मागे दडून बसते. दोन्ही पांढऱ्या आल्या तरच पांढरी दिसते."

सभेतल्या सगळ्यांनी चवळ्या काढल्या. एकाने पॉपकॉर्न समजून तोंडातही टाकली. सगळ्या परत बरणीत टाकून पुन्हा काढल्या, पुन्हा टाकल्या.

"बघा! लोकांना वाटतं, लाल दादा आहे, म्हणजे हळूहळू सगळीकडे लालच होणार आणि पांढरी नाहीशी होणार. नाही हो! कुणी निवडलं नाही, कुणी बाहेरून आणून घातलं नाही, कुणी बरणीतून काढून नेलं नाही, तर जितकी पांढरी होती तितकीच राहते. पिढ्यान्‌पिढ्या. दडते, पण जात नाही. ह्याला म्हणतात समतोल."

"म्हणजे बाहेरचे भाडेकरू नकोत ना सर?" कुलकर्णी आशेने म्हणाले. "स्थलांतराने समतोल बिघडतो, असंच ना?"

"बिघडतो! बिघडू द्या की! समतोल म्हणजे काय, तर बदल बंद. आपली सोसायटी बघा, किती वर्षं बंद पडली आहे." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्या देशमुखबाई अमरावतीहून आल्या. जिन्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं."

ठराव मंजूर झाला. त्या दिवसापासून सर मला आवडायला लागले, हे मी नाकारत नाही.

शालूकाकू म्हणजे सरांच्या पत्नी. बुटक्या, गोऱ्या, हसऱ्या, आणि सरांच्या सगळ्या वेडाकडे बघून "असू दे" म्हणणाऱ्या. लेकीच्या लग्नाची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. मुक्ता त्यांची एकुलती एक. मुलाकडची मंडळी बघायला आली, पोहे झाले, चहा झाला, आणि काकू सुपारी शोधायला आत गेल्या तेवढ्यात सरांनी पाहुण्यांना ओळीने कागद वाटले. नवरामुलगा "कडू!" म्हणाला. त्याची आई "कडू!" म्हणाली आणि उठून उभी राहिली. व्याह्यांनी मात्र कागद पानासारखा चघळला आणि शांतपणे म्हणाले, "काही नाही हो. मीठ कमी आहे." काकू सांगायच्या, "लग्न मोडलंच असं वाटलं मला. पण व्याही माझ्याच जातकुळीचे निघाले. मलाही नाही ना लागत काही. म्हटलं, हे घर बरं."

काकूंना कागद कडू लागत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला ते त्यांच्या भोपळ्याच्या भरतावरून कळलं होतं.

आमच्याकडे भरीत म्हणजे वांग्याचं. भाजलेलं, तेल सुटलेलं, सोबत भाकरी. भोपळा वाफवून त्यात दही कालवायचं आणि त्याला भरीत म्हणायचं, हा पुणेरी उद्योग. पण त्यालाही माझी ना नाही. त्यात मोहरी फेसून घालतात. खलात मोहरी घ्यायची, पाण्याचा हबका मारत घोटायची, की झणका नाकात चढतो. फक्त मर्यादेपलीकडे घोटली की ती कडू होते. म्हणून करणारी बाई मधूनमधून बोटावर घेऊन चाखते आणि कडवटपणा आला रे आला की थांबते. काकूंना तो कळायचाच नाही. त्या आपल्या हात भरून येईपर्यंत घोटत राहायच्या.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे वाटी आली. मी चमचा तोंडात घातला आणि जिन्यातला तो कागद आठवला. काकू समोर उभ्या. "कसं झालंय?"

"वेगळं आहे," मी म्हटलं. पुण्यात येऊन आठवडाही झाला नव्हता, पण तेवढं शिकले होते.

दर रविवारी ते भरीत व्हायचं. मुक्ता लहानपणापासून त्याला हात लावायची नाही. "आई, हे विष आहे," असं तोंडावर सांगायची. सर मात्र वाटी पुसून खायचे, तीनतीनदा घ्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "छान झालंय." मी मनात म्हटलं, ह्यांनाही काही लागत नसणार. नवराबायको एकाच माळेचे मणी. देव जोड्या बरोबर जमवतो.

मग काकू गेल्या. फार दिवस अंथरुणाला खिळल्या नाहीत, कुणाकडून करून घेतलं नाही. मला फार वाईट वाटलं. पुण्यात मला सख्खं कोण होतं? तेच एक दार.

सर रडले नाहीत. निदान आमच्यासमोर नाही. पण चवळीची बरणी खिडकीत तशीच धूळ खात राहिली. कुरियरवाले वर यायला लागले. कागद बंद झाला असं वाटलं, आणि मग तो पुन्हा सुरू झाला, फक्त स्वयंपाकाच्या बायकांसाठी.

बाया शोधून आणायचं काम माझ्याकडे. पहिल्या बाई आणल्या, पोळ्या अशा की फुंकर मारली तर उडतील. सरांनी जिभेवर कागद ठेवला. बाई "अगं आई!" म्हणून ओरडल्या. सरांचं तोंड उतरलं.

"सर, पोळ्या बघा त्यांच्या!"

"पोळ्यांचा प्रश्न नाही हो."

मग रविवारी भरीत करायला सांगितलं. बाईंनी केलं. सरांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. पुढच्या रविवारी तेच. बाई गेल्या. दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या. इकडे सरांचा सदरा खांद्यावरून घसरायला लागला. दूध आणि बिस्किटं ह्यांवर माणूस किती दिवस काढणार?

मुक्ताचा बंगळूरहून मला फोन आला. "ताई, आता बास झालं. एक शेवटची बाई बघा. ती टिकली तर ठीक. नाही तर दिवाळीनंतर मी बाबांना इकडे घेऊन येते. घर भाड्याने देऊन टाकू."

मी सरांना सांगितलं. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तिकडे मी काय करू? तिथली लोकसंख्या माझ्या ओळखीची नाही." मग जरा वेळाने, "ह्या घरात हात लावू नका म्हणावं कशाला. आहे तसं राहू दे."

समतोल बिघडू द्या म्हणणारा हा माणूस!  मी शिवण्याहून मंगलबाईंना घेऊन आले. मंगलबाई म्हणजे खमकं काम. कागद जिभेवर ठेवून त्या म्हणाल्या, "कडू हाय. आन् आता सांगा, भाजी कोन्ती करू?" मला हायसं वाटलं. दोन महिने बरे गेले, म्हणजे रविवार सोडून.

एका रविवारी मंगलबाई माझ्या दारात उभ्या. पदर खोचलेला, डोळे लाल.

"ताई, म्या चालले. येवढा भोपळा म्या जल्मात सोलला न्हाई. सर नावं ठिवत असते तर सुधारलं असतं. सर 'छान हाय' म्हनत्यात आन् ताट सारत्यात. ह्याला काय करायचं?"

माझं डोकंच फिरलं. ही गेली की सर गेले बंगळूरला. मी तशीच समोरच्या घरात घुसले. सर टेबलाशी बसले होते, समोर भरताची वाटी. मी न विचारता चमचा घेतला आणि खाल्लं. उत्तम! मोहरीचा झणका नाकात, आणि कडवटपणाचा मागमूस नाही.

"सर, ह्यात खोट काय आहे?"

"काही नाही. छान झालंय."

"मग खात का नाही?"

"त्यांची मोहरी कडू होत नाही, देशमुखबाई."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलंच आहे," सर म्हणाले. "तेच तर."

मला काही उमजेना. कडू होत नाही म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. "पण तुम्हाला कडू कळतच नाही ना? काकूंसारखं?"

सर हसले. खूप दिवसांनी हसले. "मला? मला फार कडू लागतो तो कागद. रात्रीपर्यंत जाता जात नाही चव."

मी खुर्ची ओढून बसले. म्हणजे ह्या माणसाने जन्मभर, दर रविवारी, तीनतीन वाट्या...

"अहो, मग एकदा तरी सांगायचं काकूंना!"

"काय सांगायचं? लग्नानंतर पहिल्यांदा तिने केलं तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. म्हटलं, छान झालंय. एकदा जाहीर करून बसलो."

"चुकलेला निष्कर्ष सुधारतात म्हणे तुमच्या शास्त्रात."

"शास्त्रात सुधारतात. स्वयंपाकघरात नाही सुधारता येत." सरांनी वाटी बाजूला केली. "आणि पुढे पुढे मला त्याच्याशिवाय रविवार वाटेना. मी म्हटलं, एखादी बाई मिळेल, जिला कडू कळत नसेल. तिच्या हातून आपोआप तसं होईल. मुद्दाम कडू करा असं कसं सांगणार? येडा म्हणतील."

"ते आधीच म्हणतात, सर," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच बरोबर वाटला नाही. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच म्हणतात. इथे एकजण त्या कडूसाठीच उपाशी बसला होता.

मंगलबाई काही थांबल्या नाहीत. मुक्ता दिवाळी होताच आली, बॅगा काढायला लागली. तिच्याबरोबर सई, सरांची नात. सईचं इंजिनियरिंग नुकतंच झालं होतं आणि तिला हिंजवडीला नोकरी लागली होती. मैत्रिणींबरोबर तिथेच होस्टेलवर राहणार होती. म्हणजे नात पुण्यात आणि आजोबा बंगळूरला, अशी ही अदलाबदल.

शनिवारी मी मदतीला गेले. मुक्ता आत कपाट आवरत होती. सर चवळीची बरणी पुसत बसले होते. मला एकदम सुचलं.

"सर, सईला कागद दिलात कधी?"

ते बरणी पुसत राहिले.

"अख्ख्या कर्वेनगरच्या जिभेवर कागद ठेवलात. उमेदवाराला सोडलं नाहीत. स्वतःच्या नातीला दिला नाहीत?"

"नाही दिला."

"का?"

सरांनी फडकं बाजूला ठेवलं. मग बरणी उजेडात धरून म्हणाले, "लाल म्हणजे कडू लागणं, पांढरी म्हणजे न लागणं. मुक्ताला कडू लागतं, म्हणजे शालूकडची पांढरी तिच्यात माझ्या लालमागे दडलेली. जावयांना कडू लागतं. पण त्यांच्या वडिलांना लागत नाही, म्हणजे एक पांढरी त्यांच्यातही दडलेली. सईत दोन्ही पांढऱ्या एकत्र येण्याची शक्यता चारात एक. तीन वेळा नाहीच." त्यांनी बरणी खाली ठेवली. "आणि नात एकच आहे. 'कडू' म्हणाली तर मग मी पुढे कुणाला विचारू? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. न विचारलं तोवर शालू असते."

जीभ बघितल्याशिवाय पाणी न विचारणारा हा माणूस एका जिभेला घाबरत होता. मी डोळ्यांना पदर लावला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी, निघायच्या रविवारी, सईने स्वयंपाकघरातून मला हाक मारली. "काकू, आजीचं ते भरीत कसं करतात? आईने मला कधी टेस्टच करू दिलं नाही. म्हणायची, विष आहे. आजोबांना लास्ट टाइम सरप्राइज देते."

भोपळा तिने वाफवून ठेवला होता. काकूंचा खलही शोधून काढला होता. मी सांगितलं, "मोहरी घे, पाण्याचा हबका मार, आणि घोट. मधूनमधून चाख. कडू लागायला लागली की थांब."

पोरगी घोटायला लागली. बोटावर घेऊन चाखलं. "अजून नाही झाली कडू." पुन्हा घोटली, पुन्हा चाखलं. "काकू, नाहीच होत. बरोबर ना?" मनगट चोळत पुन्हा घोटायला लागली. खलातल्या मोहरीचा पिवळा लगदा झाला, स्वयंपाकघरात झणका भरला, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बघू," म्हणून मी बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

बाप्पा! जिन्यातला कागद! तोच, तसाच!

मी सईकडे बघितलं. ती आरामात बोट चाटत होती. "अजून थोडी घोटू?"

थांब म्हणायला पाहिजे होतं. कुठलीही शहाणी बाई थांब म्हणाली असती. मी म्हटलं, "घोट की. थोडी अजून."

टेबलाशी चौघं बसलो. सरांना कशाची कल्पना नव्हती. वरणभाताबरोबर वाटी समोर आली तेव्हा ते नुसते "अरे वा" म्हणाले. पहिला घास मुक्ताने घेतला आणि तोंडावर हात ठेवला.

"ई! सई, काय केलंस हे? अगदी आईच्यासारखं कडूजहर!"

"कडू?" सईने स्वतःच्या वाटीतून मोठा चमचा भरून तोंडात घातला. "कुठे आहे कडू? मला तर काहीच नाही लागत. मस्त आहे की!"

सरांचा हात हवेतच थांबला. त्यांनी सईकडे बघितलं, मग तिच्या वाटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कानाकडे नाही, डोळ्यांकडे. मग घास तोंडात घातला. हळूहळू चावला. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"आजोबा! खरंच कडू आहे का?" सईचा चेहरा पडला. "टाकून देऊ?"

"छे छे! कुठे काय कडू? तुझ्या आईला काहीही लागतं," सर म्हणाले. "मोहरी नाकात चढली जरा. छान झालंय." आणि त्यांनी वाटी पुढे केली. "अजून घाल."

मुक्ता बघत राहिली. दुसरी वाटी संपली, तिसरी मागितली. कितीतरी महिन्यांनी ते ताटभर जेवत होते.

"आवडलं ना? मग मी दर संडेला येऊन करते," सई म्हणाली आणि मग तिलाच आठवलं. "पण तुम्ही तर..."

"मी कुठे जातोय?" सर म्हणाले. "मुक्ता, त्या बॅगा माळ्यावर टाक. देशमुखबाई, मंगलबाईंना फोन लावा. सहा दिवस त्या करतील ते निमूट खाईन. भोपळ्याला त्यांनी हात लावायचा नाही म्हणावं."

मुक्ताने काही विचारायला तोंड उघडलं, बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायली.

आता सईने माझ्याकडे मोर्चा वळवला. माझी वाटी भरलेली होती, शिताएवढं मी खाल्लं होतं. "काकू, तुम्हीच खरं सांगा. आई कडू म्हणते, आजोबा छान म्हणतात."

सर माझ्याकडे बघत होते. मला कागद किती कडू लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"सांगा देशमुखबाई," ते म्हणाले. "निरीक्षण सांगा."

मी मोठा घास घेतला आणि गिळला.

"छान झालंय," मी म्हटलं, आणि वाटी पुढे केली.